सूत्रांच्या हवाल्याने

२०२४च्या जानेवारीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यात थांबवून एक कागद दाखवला. ज्या टीव्ही कंपनीचे शेअर त्यांच्याकडे होते त्या झी एंटरटेन्मेंटचे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर आलेले निवेदन त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले होते. दोन वर्षांपूर्वी ठरलेले झीबरोबरचे विलीनीकरण सोनी रद्द करण्याच्या बेतात आहे, अशी बातमी आदल्या दिवशी एका परदेशी वृत्तसंस्थेने ‘या घडामोडींची माहिती असलेल्या व्यक्तीं’च्या हवाल्याने दिली होती, आणि ती निराधार व वस्तुस्थितीला सोडून असल्याचे झीने बाजाराला लेखी कळवले होते. काकांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. “कंपनीने स्वतः लिहून दिलंय, ताई. आता याच्यावर आणखी काय पाहिजे?” असे म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यानंतर दीडएक महिन्याने, फेब्रुवारीत, आम्ही पुन्हा त्याच जिन्यात भेटलो. मधल्या काळात करार खरोखरच मोडला होता, आणि आता नवी बातमी अशी होती की दोन्ही कंपन्यांची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. झीने याही बातमीचा लेखी इन्कार केला होता. मी ते काकांना सांगितले तर ते चक्क हसले. “असं म्हणावंच लागतं त्यांना. बोलणी चालू असताना कोणती कंपनी कबूल करते?”

जानेवारीतली बातमी खरी निघाली आणि इन्कार टिकला नाही. फेब्रुवारीतला इन्कार खरा निघाला आणि बातमी हवेत विरली. बातमी दोन्ही वेळा सूत्रांच्या हवाल्याने होती, इन्कार दोन्ही वेळा कंपनीच्या लेटरहेडवर होता, आणि काकांनी एकदा इन्कारावर विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा बातमीवर. ज्या बाजूला विलीनीकरण उभे होते, त्या बाजूला ते दोन्ही वेळा जाऊन उभे राहिले. एरवी हा माणूस बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासून निवृत्त झालेला. सहीचा फरक लांबून ओळखणारा. त्यांच्या या दोन उत्तरांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

त्यांना हसण्याचा अधिकार मला तर मुळीच नव्हता, कारण असे कागद लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे केलेले आहे.

फोर्टमधल्या एका कंपनीच्या सेक्रेटेरियल खात्यात माझी नोकरी होती. वर्षातून एखाद-दोनदा बाजाराकडून पत्र येई, आधी फॅक्सने आणि पुढे ई-मेलने: अमुक वर्तमानपत्रात आपल्या कंपनीविषयी अशी बातमी प्रसिद्ध झाली आहे, शेअरच्या भावात आणि उलाढालीत हालचाल दिसते आहे, तरी खुलासा करावा. पत्र आले की साहेबांच्या केबिनचे दार बंद होई, वकिलांना फोन जाई आणि पहिला मसुदा माझ्या टेबलावर तयार होई. त्यात बहुधा ‘अशी कोणतीही चर्चा चालू नाही’ असे सरळ वाक्य असे. वकील पहिल्यांदा ‘चर्चा’ खोडून ‘प्रस्ताव’ करीत. मग ‘संचालक मंडळापुढे’ हे शब्द आत येत. सर्वांत शेवटी, चहा येऊन गेल्यावर, वाक्याच्या सुरुवातीला ‘आजच्या तारखेस’ बसवले जाई. संध्याकाळी जे वाक्य बाहेर पडे ते अक्षरशः खरे असे: आजच्या तारखेस संचालक मंडळापुढे असा कोणताही प्रस्ताव नाही. मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात ठेवलेली आहे, हे त्या वाक्यात येण्याचे काही कारण नव्हते. पण ज्या वेळी खरोखरच काही शिजत नसे, वर्तमानपत्राने हवेत बाण मारलेला असे, त्या वेळीही आम्ही हेच वाक्य पाठवत असू. ‘साफ खोटे आहे, असे काहीही नाही’ असे एकदा जरी लिहिले असते, तरी पुढच्या खेपेला जुने वाक्य पाठवताच ‘या वेळी काहीतरी आहे’ हे बाजाराने ताडले असते. म्हणून खऱ्यालाही तेच वाक्य आणि खोट्यालाही तेच. मला हे शिकवणाऱ्या साहेबांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या खुर्चीत बसल्यावर मलाही वाटत नव्हते. आता त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस रोज जिन्यात भेटतो, म्हणून वाटते.

झीच्या त्या निवेदनात काही लबाडी होती असे मात्र मी म्हणणार नाही. झीला तो करार हवाच होता आणि आपण विलीनीकरणाला बांधील आहोत असेच त्यांनी लिहिले होते. मोडण्याचा निर्णय समोरच्याच्या हातात होता. मुद्दा एवढाच की वाचणाऱ्याला कागदावरून काही कळण्याची सोय नव्हती. दोन कागद शब्दाला शब्द सारखे असतील, तर कोणता खरा मानायचा हे माणूस दुसऱ्या कुठल्या तरी गाठोड्यातून काढणार. काकांचे ते गाठोडे मला ठाऊक आहे, कारण थोड्याफार फरकाने तेच माझेही आहे.

त्या गाठोड्यात सोनी आहे. काकांच्या मेव्हण्याने दुबईहून आणलेला सोनीचा रंगीत टीव्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत कितीतरी वर्षे होता, वर क्रोशाचे आच्छादन आणि रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीतून बटणे नीट दिसत नसत, तरी पिशवी काढायची नाही असा काकूंचा दंडक होता. आमच्या चाळीत एकाकडे वॉकमन होता. पट्टा खांद्याला लावून तो नुसताच गॅलरीत फेऱ्या मारायचा आणि आम्ही पोरेपोरी त्याच्या डोक्यावरच्या केशरी स्पंजांकडे बघत राहायचो. त्या पिढीला सोनी ही कंपनी वाटत नसे, वस्तू कधी न बिघडण्याची हमी वाटे. आणि दुसऱ्या बाजूला झी. २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही सुरू झाला तेव्हा इमारतीच्या गच्चीवरून गॅलऱ्यांत उतरलेल्या काळ्या केबली, केबलवाल्याचा महिन्याचा हिशेब, सिनेमा लागला की पडद्यावर खाली धावणाऱ्या स्थानिक जाहिराती, हे सगळे घरात एकदमच आले. पुढे झीचीच अल्फा मराठी वाहिनी आली आणि संध्याकाळचे जेवण तिच्या वेळापत्रकाप्रमाणे होऊ लागले. ज्या जपानी पेटीत आपण बघत होतो आणि जे आपण बघत होतो, ते दोन्ही एका मालकीचे होणार, यात काकांना काही नवल वाटले नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत ते केव्हाच एकत्र आलेले होते.

गंमत म्हणजे सोनीलाही हे फार पूर्वी असेच वाटले होते. व्हिडिओ कॅसेटच्या लढाईत सोनीचे बीटामॅक्स व्हीएचएसपुढे हरले, आणि यंत्र कितीही चांगले असले तरी त्यात घालायला आपले स्वतःचे सिनेमे आणि गाणी हवीत, असा धडा सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून काढला. १९८८मध्ये सोनीने सुमारे दोन अब्ज डॉलरला सीबीएस रेकॉर्ड्स घेतली आणि १९८९मध्ये ३.४ अब्ज डॉलरला कोलंबिया पिक्चर्स. पाच वर्षांनी, १९९४मध्ये, त्याच सिनेमा धंद्यापोटी सोनीला सुमारे २.७ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकावे लागले. पण जपानी चिकाटी अशी की तो धंदा त्यांनी विकला नाही. सोनीची भारतातली वाहिनी १९९५ची, तिचे मूळ याच खरेदीत आहे. झीशी करार झाल्यानंतर सोनीच्या या भारतीय कंपनीने आपले नाव बदलून कल्व्हर मॅक्स एंटरटेन्मेंट असे ठेवले. कॅलिफोर्नियातल्या ज्या कल्व्हर सिटीत कोलंबियाचे स्टुडिओ आहेत त्या गावावरून. काकांना ते नाव अजिबात आवडले नाही. “सोनी हे नावच काढलं तर मग राहिलं काय?” असे त्यांनी मला विचारले होते आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

तंत्रज्ञान आणि मनोरंजन यांच्या लग्नाची स्वप्ने दलाल स्ट्रीटने त्याआधीही पाहिलेली आहेत. १० जानेवारी २००० रोजी अमेरिकेत इंटरनेटची जोडणी देणारी एओएल आणि सिनेमे-वाहिन्यांची टाइम वॉर्नर यांनी एकत्र येण्याची घोषणा केली तेव्हा आमच्या ऑफिसात इंटरनेट एकाच संगणकावर होते, आणि ते लावताना मोडेमचा जो किरकिराट होई त्याने सगळे खाते माना वळवून बघे. तरीही त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक जण तज्ज्ञासारखा बोलत होता. ज्याच्याकडे तार आहे त्याला गाणे हवे आणि ज्याच्याकडे गाणे आहे त्याला तार हवी, हे कोणालाही पटणारे तत्त्वज्ञान होते. माहिती, दळणवळण आणि मनोरंजन या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आपल्या बाजारात ‘आइस’ शेअर असा एक वर्गच तयार झाला होता आणि झी टेलिफिल्म्स, म्हणजे तेव्हाची झी, त्याच्या शिखरावर होती. एक रुपया दर्शनी किमतीच्या त्या शेअरने हजार रुपयांच्या पलीकडे मजल मारली होती. केतन पारेख या बड्या दलालाच्या आवडत्या दहा शेअरांची यादी तेव्हा लोकांना तोंडपाठ असे आणि तीत झी होता. आमच्या इमारतीखालच्या सबब्रोकरच्या काचेच्या खोलीत उभ्याने बसतील तेवढी माणसे असत, पडद्यावरचे हिरवे-लाल आकडे बघत, आणि आत कोणी मोबाइलवर हळू बोलू लागला की सगळ्यांची बोलणी एकदम थांबत. ‘तिकडे एओएलने केलं, आता इथे कोणीतरी झीला घेणार,’ हे मी तिथे कितीदा तरी ऐकले. कोण घेणार, ते नाव दर आठवड्याला बदले. २००१च्या मार्चअखेर पारेखांना अटक झाली, ‘आइस’ वितळले, आणि २००२ या एका वर्षात एओएल टाइम वॉर्नरने सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. काचेच्या खोलीत पुढे पोळीभाजी केंद्र आले.

म्हणून सप्टेंबर २०२१मध्ये झीचे नाव पुन्हा उसळले तेव्हा मला ते सगळे चेहरे आठवले. झीत सुमारे १८ टक्के वाटा असलेल्या इन्व्हेस्को या अमेरिकी फंडाने झीचे प्रमुख पुनीत गोयंका यांना संचालक मंडळावरून दूर करण्याची मागणी केली, आणि १४ तारखेला शेअर एका दिवसात चाळीस टक्के वर गेला. नामवंत गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांच्या संस्थेने त्याच दिवशी सुमारे २२० रुपयांच्या भावाने पन्नास लाख शेअर घेतल्याचे बाजाराच्या आकडेवारीत संध्याकाळी दिसले, आणि मग तर प्रत्येकाकडे आतली बातमी होती. काकांनी आपले शेअर याच दिवसांत घेतले. २२ सप्टेंबरला झी आणि सोनीने एकत्र येण्याचे तत्त्वतः जाहीर केले आणि शेअर पुन्हा तीस टक्क्यांच्या वर उडाला. आठवडाभराच्या अंतराने आलेल्या या दोन उसळ्यांनी काकांच्या मनात जी शिकवण पक्की केली ती पुढे अडीच वर्षे पुसली गेली नाही: आधी कुजबुज, मग घोषणा, आणि जो कुजबुजीला घेतो त्याला घोषणेला मिळते.

त्या शिकवणीत एक भोक होते आणि ते लवकरच दिसलेही, फक्त कोणी त्यात डोकावले नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये झी आणि इन्व्हेस्को यांचे भांडण चव्हाट्यावर आले तेव्हा एक गोष्ट बाहेर पडली: त्याच वर्षाच्या सुरुवातीला रिलायन्सने आपल्या वाहिन्या झीमध्ये विलीन करण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि इन्व्हेस्कोने त्यात मध्यस्थी केली होती. रिलायन्सने स्वतः निवेदन काढून ते मान्य केले. एवढी मोठी खरीखुरी बोलणी झाली, बसली-उठली आणि फिसकटली, आणि आमच्यासारख्यांना तिचा वासही आला नव्हता. जे खरेच चालू असते ते इतके निःशब्द असू शकते, हे कळल्यावर कुजबुजीची किंमत थोडी कमी व्हायला हवी होती. उलट वाढली. ‘म्हणजे बघा, आत काय काय चालू असतं!’ हा काकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष.

मोठ्या फंडांच्या खोल्यांत या सगळ्याकडे बघण्याची रीत वेगळी आहे. समजा करार झाला तर शेअर ३०० रुपयांचा ठरेल आणि मोडला तर १६०चा, असा कोणी हिशेब मांडला आहे. आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेते आहे. दोन टोकांतले अंतर १४० रुपये. बाजारात भाव २६० असेल तर तो खालच्या टोकापासून १०० रुपये वर आहे, म्हणजे करार होण्याची शक्यता बाजार सुमारे ७१ टक्के धरतो आहे. भाव २३०वर आला की शक्यता ५० टक्के. या माणसांसाठी अफवा ही खरी की खोटी असा प्रश्नच नसतो; तिने ७१चे ६४ करायचे की ५५, एवढेच बघायचे, आणि त्याप्रमाणे थोडे विकायचे किंवा थोडे घ्यायचे. स्पर्धा आयोगाची मंजुरी आली, शक्यता वाढवा. कंपनी कायदा न्यायाधिकरणाने होकार दिला, आणखी वाढवा. इन्व्हेस्कोनेही विलीनीकरणाला पाठिंबा दर्शवून एप्रिल २०२२मध्ये आपल्या हिश्शातला मोठा भाग विकून टाकला. करार चांगला आहे असे म्हणत म्हणत बाहेर पडणे यात त्यांना काही विसंगती वाटली नाही. काकांना टक्केवारीची भाषा कळत नव्हती असे नाही, बँकेत त्यांनी हेच केले होते. पण ६० टक्के खऱ्या गोष्टीवर माणसाला मनाने उभे राहता येत नाही. तो एकतर पूर्ण विश्वास ठेवतो किंवा पूर्ण सोडून देतो, आणि सोडून द्यायचे तर रोज सकाळी उठून मोबाइल कशासाठी बघायचा?

आणि बघण्यासारखे रोज काहीतरी होते. २२ डिसेंबर २०२१ला अंतिम करारावर सह्या झाल्या: नव्या कंपनीत सोनीचे ५०.८६ टक्के, झीच्या प्रवर्तकांचे ३.९९ टक्के, उरलेले ४५.१५ टक्के काकांसारख्या सगळ्यांचे. हे शेवटचे वाक्य काकांचेच, त्या ४५.१५ टक्क्यांत आपण आहोत हे ते गंभीरपणे सांगत. ऑक्टोबर २०२२मध्ये स्पर्धा आयोगाने बिग मॅजिक, झी अ‍ॅक्शन आणि झी क्लासिक या तीन वाहिन्या विकण्याच्या अटीवर मान्यता दिली. जून २०२३मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या अंतरिम आदेशाने झीचे संस्थापक सुभाष चंद्र आणि पुनीत गोयंका यांना संचालकपदे धारण करण्यास मनाई केली. ऑक्टोबरअखेर अपीलीय न्यायाधिकरणाने गोयंका यांच्यावरची ती मनाई रद्द केली. मधेच ऑगस्टमध्ये कफ परेडच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने विलीनीकरणाच्या योजनेला मंजुरी दिली. कागदावर सगळे दरवाजे उघडत होते, आणि त्याच वेळी नव्या कंपनीचे नेतृत्व कोणी करायचे यावरून दोघांचे बिनसल्याच्या बातम्या येत होत्या, अर्थातच सूत्रांच्या हवाल्याने. विलीनीकरण पूर्ण करण्याची डिसेंबरची मुदत उलटली, बोलण्यासाठी महिनाभराची सवलत उरली.

शेवट आला तो सुट्टीच्या दिवशी. २२ जानेवारी २०२४ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेनिमित्त राज्यात सार्वजनिक सुट्टी होती, बाजार बंद होता आणि त्याऐवजी आदल्या शनिवारी पूर्ण वेळ व्यवहार झाले होते. झीचा शेअर शनिवारी २३१च्या आसपास बंद झाला होता. सोमवारी आमच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत रांगोळ्या होत्या, संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावर पणत्या लावायचे काम लहान मुलांकडे होते, आणि सोनीने करार संपुष्टात आणल्याची नोटीस दिल्याचे त्याच दिवशी बाहेर आले. शिवाय नऊ कोटी डॉलरच्या भरपाईची मागणी. बाजार चालू असता तर लोकांनी काहीतरी केले असते, निदान विकायचा प्रयत्न तरी केला असता. सुट्टीने ती सोयही ठेवली नाही. बातमी कळली होती, भाव मात्र अजून शनिवारचाच दिसत होता. काकांच्या घरी मी तिळगुळाची उरलेली वाटी परत द्यायला गेले तेव्हा ते मोबाइलवर तोच थिजलेला आकडा बघत होते. “अजून २३१च दाखवतोय,” ते म्हणाले. मंगळवारी बाजार उघडताच शेअर दहा टक्के पडून त्या दिवसाच्या मर्यादेवर अडकला, वायदे बाजारातल्या शेअरला कायमची मर्यादा नसल्याने ती मर्यादा खाली सरकत गेली, आणि दिवसअखेर भाव १५६च्या घरात आला. तीस टक्क्यांहून जास्त, एका दिवसात.

काकांनी विकले नाही.

मी विचारले नव्हते, त्यांनीच सांगितले. नुकसान मान्य करायला माणूस तयार नसतो हे याचे पुस्तकी उत्तर झाले, आणि ते चूकही नसेल. पण फेब्रुवारीत बोलणी पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. शेअर त्या दिवशी सात-आठ टक्के वर गेला होता. त्यांच्या तोट्याच्या मानाने ती रक्कम किरकोळ होती, आणि दुसऱ्याच दिवशी एका वेगळ्याच बातमीवर भाव त्याहून जास्त खाली आला. ती बातमीही सूत्रांच्याच हवाल्याने होती आणि तिचाही कंपनीने इन्कार केला. तरीही त्या एका दिवशी काका दोन जिने न थांबता चढून वर आले होते. पैसे परत आल्याचा आनंद इतका नसतो. आपण इतके दिवस जे मानत होतो ते अगदीच वेडेपणाचे नव्हते, जपानमधल्या कोणालातरी अजूनही तसेच वाटते आहे, या जाणिवेचा तो आनंद असावा. त्यांच्या भ्रमाची मला काळजी वाटत होती हे खरे, आणि त्यांचा हेवाही वाटला हेही खरे. माझ्या वयाला कुठल्याही बातमीने दोन जिने चढण्याचे बळ मिळाल्याचे मला बऱ्याच दिवसांत आठवत नाही.

मग सेबीचा नियम आला. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांविषयी प्रमुख माध्यमांत एखादी ठोस अफवा आली आणि भावात लक्षणीय हालचाल झाली, तर कंपनीने चोवीस तासांच्या आत ती मान्य करावी, नाकारावी किंवा तिचा खुलासा करावा, असा तो नियम. तो आधी ऑक्टोबर २०२३पासून लागू व्हायचा होता, मग फेब्रुवारी २०२४ ठरले, आणि अखेर बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांना १ जून २०२४पासून आणि पहिल्या अडीचशेंना डिसेंबरपासून तो लागला. जिन्यातल्या दोन्ही भेटी तो लांबणीवर पडलेला असतानाच्या. नियम चांगला आहे. त्यातली एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटते. अफवा वेळेत मान्य केली, तर व्यवहाराची किंमत ठरवताना अफवेने फुगलेला भाव बाजूला ठेवता येतो, म्हणजे खरे बोलण्याची शिक्षा कंपनीला होत नाही. आमच्या काळी खरे न बोलण्याचे पहिले कारण तेच सांगितले जाई. पण माझा जुना व्यवसाय मला गप्प बसू देत नाही. नाकारण्याचे वाक्य अजूनही वकीलच लिहिणार, आणि ‘आजच्या तारखेस’ हे शब्द कोणत्याही नियमाने बंद केलेले नाहीत. शिवाय नियमाला वर्तमानपत्रे आणि वाहिन्या दिसतात. काकांपर्यंत बातमी पोचते ती त्यांच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटातून, ‘पक्की आहे, पुढे पाठवू नका’ अशा शेवटच्या ओळीसह. तिचा खुलासा कोणी कोणाकडे मागायचा?

२७ ऑगस्ट २०२४ला झी आणि सोनीने सगळे वाद मिटवल्याचे जाहीर केले. सिंगापूरच्या लवादातले आणि इथल्या न्यायाधिकरणातले परस्परांविरुद्धचे दावे मागे घेतले, आणि यापुढे कोणाचे कोणाला काही देणे किंवा बंधन उरलेले नाही, दोघेही आपापल्या वाटेने जातील, असे त्यात होते. तोवर दलाल स्ट्रीटचे लक्ष रिलायन्स आणि डिस्नेकडे गेले होते. झीचा करार मोडल्यानंतर सव्वा महिन्यातच त्या दोघांनी आपल्या वाहिन्या एकत्र आणण्याचा करार केला आणि नोव्हेंबरमध्ये ७०,३५२ कोटी रुपयांची ती कंपनी उभीही राहिली. मी समझोत्याचे ते निवेदन सवयीने दोनदा वाचले, वकिलांनी कुठे फट ठेवली आहे का ते शोधत. ‘सध्या’ नव्हते, ‘आजच्या तारखेस’ नव्हते, ‘संचालक मंडळापुढे’ नव्हते. इतके बंद वाक्य माझ्या साऱ्या नोकरीत माझ्या हातून कधी गेले नाही. शेअर त्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक वर उसळला होता. संध्याकाळी काकांनी त्यांच्या गटातला एक निरोप मला पाठवला: भांडण मिटले, कोर्टाची अडचण गेली, आता पुन्हा बसायला मोकळे. खाली काकांनी स्वतः फक्त प्रश्नचिन्ह टाकले होते. मी त्यांना निवेदनाची ओळ उतरवून पाठवली आणि याचा अर्थ विषय संपला असा होतो, असे कळवले. ते वाचताना हीच शक्यता माझ्याही मनात क्षणभर येऊन गेली होती, हे मात्र त्यांना लिहिले नाही.